कॅडसाठी लॅपटॉप घेताना: आधी फाईल तपासा, मग दुकानात जा

गेल्या पावसाळ्यात आमच्या भोसरीच्या डिझाइन विभागात एक मुलगा नव्याने लागला. डिप्लोमा मेकॅनिकल, सोलापूरकडचा. कॉलेजात असताना वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून त्याला लॅपटॉप घेऊन दिला होता. लाल दिव्यांचा कीबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि दुकानदाराचा शब्द, "यावर काहीही चालेल." त्या लॅपटॉपवर त्याने सॉलिडवर्क्समध्ये (कॅडचं, म्हणजे संगणकावर डिझाइन करण्याचं सॉफ्टवेअर) वेल्डिंग फिक्श्चरची, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या सांगाड्याची, चौदाशे पार्टची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडली. एकेक मेट (दोन पार्ट एकमेकांना कसे जोडायचे तो नियम) दिला की कर्सर गोल फिरत बसायचा. मी टास्क मॅनेजर उघडायला लावला. सीपीयूचा आकडा १२ टक्के.

"सर, प्रोसेसर तर रिकामाच दिसतोय. मग थांबतंय कशासाठी?"

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि कॅडसाठी लॅपटॉप निवडण्याचं निम्मं उत्तर त्या १२ टक्क्यांत आहे. त्याचा प्रोसेसर चार कोर आणि आठ थ्रेडचा. कोर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एक भाग, थ्रेड म्हणजे कामाची एक रांग. आठातला एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि बाकीचे सात मोकळे असतील, तर टास्क मॅनेजर एकूण साडेबारा टक्केच दाखवणार. फीचर ट्रीमधलं (मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बनलं त्या यादीतलं) दुसरं फीचर पहिल्यावर अवलंबून, तिसरं दुसऱ्यावर. पहिल्याचं गणित झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. त्यामुळे पार्ट मॉडेलिंग, मेट सोडवणं, रीबिल्ड (मॉडेलचं सगळं गणित पुन्हा करणं) ही कामं मुख्यतः एकाच कोरवर चालतात. बाकीचे कोर बघत बसतात. म्हणजे प्रोसेसर रिकामा नव्हता, त्याचा एक कोर दमला होता.

मग त्याच खिडकीत ग्राफिक्सचे आकडे बघितले. मॉडेल फिरवताना प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स कामाला लागलेलं, आणि ज्यासाठी जादा पैसे मोजले ते एनव्हिडियाचं कार्ड शून्यावर. दोन वर्षं ते कार्ड कॅडसाठी एकदाही वापरलं गेलं नव्हतं. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. कर्जाचे हप्ते चालू होते. हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायरी १: तुमची सर्वात जड फाईल कोणती?

लॅपटॉपची जाहिरात बघण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, आणि रोजच्या कामातली सर्वात मोठी फाईल किती पार्टची. विद्यार्थी असाल तर पुढच्या दोन-तीन वर्षांत ज्या कामाला लागायचंय तिथली फाईल डोळ्यांपुढे ठेवा. ऑटोकॅडमध्ये घराचे प्लॅन काढणारा, प्रेस टूलचं डिटेलिंग करणारा आणि कॅटियात गाडीच्या बॉडीचे सरफेस करणारा, तिघेही "कॅडचं काम" करतात. पण तिघांचे लॅपटॉप वेगळे.

ढोबळ वाटणी अशी. निव्वळ टूडी ऑटोकॅडला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही; चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरे. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओमध्ये शंभर-दोनशे पार्टपर्यंतचं काम मध्यम लॅपटॉपवर आरामात होतं. हजाराच्या पुढच्या असेंब्ली, मोल्डचे सरफेस, रेव्हिटमधली मोठी इमारत इथे मात्र हात आखडता घेऊ नका. सिम्युलेशन (भार, उष्णता वगैरेची संगणकावरची चाचणी) आणि रेंडरिंगचं (मॉडेलचं फोटोसारखं चित्र बनवण्याचं) गणित उलटं आहे, तिथे सगळे कोर खरोखर कामाला लागतात. दिवसाचे दोन तास रेंडर लावणाऱ्याने कोरची संख्या बघावी, महिन्यातून एकदा लावणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत.

सॉलिडवर्क्स, कॅटिया व्ही५, रेव्हिट ही विंडोजवरच चालणारी सॉफ्टवेअर आहेत. मॅकवर ऑटोकॅडची वेगळी आवृत्ती आहे आणि फ्यूजनही चालतं, पण पुण्या-चाकणच्या टूलिंग कंपन्यांत मॅक घेऊन गेलात तर रोज काही ना काही अडेल. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असले तरी ते एआरएम जातीचे आहेत, आणि ही सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या वेगळ्या रचनेसाठी लिहिलेली आहेत. या कामासाठी ते टाळाच.

पायरी २: नवा घेण्याआधी जुनी फाईल झाडून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि इथेच कधीकधी पूर्ण पैसे वाचतात. सॉलिडवर्क्समध्ये इव्हॅल्युएट टॅबवर परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन नावाचं साधन आहे. असेंब्ली उघडायला कोणत्या पार्टने किती वेळ खाल्ला, रीबिल्डला कुठे वेळ गेला, सगळं ते मांडून दाखवतं.

वर सांगितलेल्या फिक्श्चरमध्ये आम्ही ते लावलं. यादीत सर्वात वर कोण असावं? एम८ चे बोल्ट. कुणीतरी त्यांवर खरेखुरे आटे कापले होते, हेलिक्स काढून. एक बोल्ट हलका वाटतो, पण तसे तीनशेच्या वर बोल्ट. त्याखाली न्यूमॅटिक क्लॅम्प, पुरवठादाराच्या कॅटलॉगमधून जसेच्या तसे उतरवलेले, आतल्या स्प्रिंग आणि सर्क्लिपसकट. फिक्श्चर डिझायनरला क्लॅम्पचा बाहेरचा आकार, माउंटिंगची भोकं आणि हाताचा स्ट्रोक एवढंच हवं असतं. बोल्टवर नुसता कॉस्मेटिक थ्रेड (खरे आटे न कापता त्यांची फक्त खूण) ठेवला, क्लॅम्पचे आतले पार्ट काढून टाकले, आणि त्याच लॅपटॉपवर तीच असेंब्ली निम्म्याहून कमी वेळात उघडली.

ऑटोकॅडवाल्यांनी पर्ज, ऑडिट आणि ओव्हरकिल या तीन कमांड द्याव्यात. एकावर एक पडलेल्या रेघा आणि दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधून आलेले नको ते ब्लॉक निघून गेले की फाईल हलकी होते. एवढं करूनही अडत असेल, तर मग खरेदीचं बघू.

पायरी ३: प्रोसेसरचं नाव शेवटपर्यंत वाचा

"आय७ आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. नावाच्या शेवटचं अक्षर महत्त्वाचं. इंटेलमध्ये यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी वाचवणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा. एचएक्स म्हणजे ५५ वॅटचा, डेस्कटॉपच्या जवळ जाणारा. नव्या पिढीचा आय५ एच हा जुन्या आय७ यू ला कॅडमध्ये सहज मागे टाकतो. कॅडसाठी एच किंवा एचएक्स घ्या, आणि त्यातही टर्बो वेग (गरजेला गाठता येणारा कमाल वेग) बघा. ४.५ गिगाहर्ट्झच्या वर असेल तर बरं. मात्र वेगवेगळ्या पिढ्यांची नुसत्या गिगाहर्ट्झवर तुलना करू नका. नव्या पिढीचा कोर त्याच वेगात जास्त काम उरकतो.

एएमडीमध्ये एचएस आणि एचएक्स ही अक्षरं शोधा. रायझन ७००० मालिकेत एक खोच आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली खरी पिढी सांगतो. ७८४० मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४ (झेन हे एएमडीच्या आतल्या रचनेचं नाव). ७७३५ मध्ये ३, म्हणजे आधीची झेन ३ प्लस. ७५२० मध्ये २, म्हणजे बरीच जुनी झेन २. तिन्हींचा पहिला आकडा ७, तिन्ही "७००० सिरीज" म्हणून विकले जातात.

सहा-आठ चांगले कोर पुरतात. २४ कोरच्या मागे लागण्यापेक्षा तो पैसा रॅमकडे वळवा.

पायरी ४: रॅम, आणि ती नंतर वाढवता येते का

आजच्या घडीला १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका, आणि असेंब्लीचं काम असेल तर ३२. विंडोज, कॅड, क्रोममध्ये उघडलेला कॅटलॉग, एक्सेलमधला बीओएम (पार्टची यादी), पाच-सहा पीडीएफ ड्रॉइंग हा आपला नेहमीचा पसारा. रॅम भरली की विंडोज जादा माहिती एसएसडीवर ढकलतं, आणि मग एका क्लिकला पाच सेकंद लागायला लागतात. तुमची गरज किती हे आजच मोजता येतं: नेहमीचं सगळं उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा, त्याच्या दीडपट रॅम घ्या.

त्याहून महत्त्वाचं, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बहुधा सोल्डरची असते. आज १६ घेतली तर शेवटपर्यंत १६. दुकानात स्पष्ट विचारा, आणि कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात दोन स्लॉट असल्याची खात्री करा. पैसे कमी असतील तर १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणं मला पटतं. वर्षभराने दुसरी पट्टी टाकता येते. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्याच हव्यात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि एका पट्टीवर ते खूप मंदावतं.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान जातीची) हवी, १ टीबी असेल तर निश्चिंत, ५१२ जीबी असेल तर दुसरी एसएसडी बसवायला आणखी एक एम.२ स्लॉट असावा. तिसरी पिढी की चौथी, यावर डोकं शिणवू नका. कॅडच्या फाईल उघडताना तो फरक हाताला जाणवत नाही.

पायरी ५: ग्राफिक्स कार्ड, जिथे सर्वात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात

इथे दोन घराणी आहेत. एनव्हिडियाचं जीफोर्स, म्हणजे आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६० वगैरे, हे मुख्यतः खेळांसाठी. आणि व्यावसायिक कामासाठी आरटीएक्स ए१०००, आरटीएक्स २००० एडा यांसारखी कार्डं. आधी यांनाच क्वाड्रो म्हणायचे. दोन्हींतली चिप बरेचदा एकाच जातीची असते. फरक ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि प्रमाणपत्रात, म्हणजे कॅड कंपनीने ते कार्ड तपासून मान्य केलंय का यात आहे.

ऑटोकॅड, इन्व्हेंटर, रेव्हिट ही ऑटोडेस्कची मंडळी डायरेक्टएक्सवर (सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची विंडोजची पद्धत) चालतात. खेळही त्यावरच चालतात, त्यामुळे जीफोर्स इथे छान काम करतं. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, एनएक्स ही त्याच कामाची दुसरी पद्धत, ओपनजीएल, वापरतात. शेडेड विथ एजेसमध्ये (रंग भरलेलं मॉडेल कडांसकट दाखवताना) मोठी असेंब्ली फिरवताना कडांच्या लाखो रेघा काढाव्या लागतात, आणि तिथे व्यावसायिक कार्डाचा ड्रायव्हर उजवा ठरतो. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत जीफोर्स नाही. म्हणून त्यावर रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्या वस्तूसारखं चकाकताना दाखवणारी सोय) सुरू होत नाही, ते बटण राखाडीच राहतं.

मग जीफोर्स घेऊच नये का? मी तसं म्हणणार नाही. विद्यार्थ्याला आणि तीन-चारशे पार्टपर्यंत काम करणाऱ्याला जीफोर्सवर काही अडत नाही. रिअलव्ह्यूवाचून ड्रॉइंग थांबत नाही. त्याच किमतीत जीफोर्सबरोबर दमदार प्रोसेसर मिळतो, आणि आपण बघितलंच की रोजची वाट प्रोसेसर अडवतो. पण डिझाइन हेच पोटापाण्याचं काम असेल, कंपनी पैसे देणार असेल, आणि सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया दिवसभर चालू असेल, तर व्यावसायिक कार्डाचाच आग्रह धरा. काही बिघडलं आणि सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन केला, की पहिला प्रश्न कार्ड आणि ड्रायव्हर प्रमाणित आहे का, हाच येतो.

कार्डाची मेमरी ४ जीबीच्या खाली नको, ६ किंवा ८ असेल तर उत्तम. आणि वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपवाला त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही देऊ शकतो. एका कागदाएवढ्या पातळ लॅपटॉपमधलं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०६० यांच्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पायरी ६: जे हाताला आणि डोळ्यांना लागतं

स्क्रीन १५.६ इंच किंवा १६ इंच, आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारी), मॅट, ३०० निटच्या आसपास उजळ. शॉपफ्लोअरवर पत्र्याच्या छतातून येणाऱ्या उजेडात चकचकीत स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. १९२० बाय १२०० मिळत असेल तर १९२० बाय १०८० पेक्षा तो घ्या. उभ्यात १२० पिक्सेल जास्त म्हणजे फीचर ट्रीच्या चार-पाच ओळी जास्त. लहान स्क्रीनवर फार उच्च रिझोल्यूशन मात्र नको, जुन्या कॅड आवृत्त्यांत आयकॉन मुंगीएवढे होतात.

नमपॅड हवाच. दिवसाला शेकडो मापं टाइप करणाऱ्याला वरच्या ओळीतले आकडे शोधायला लावणं हा छळ आहे. आणि मधल्या चाकाचा चांगला माऊस. मॉडेल फिरवायला ते चाक दिवसभर दाबावं लागतं, घट्ट चाकाने बोट दुखायला लागतं.

उष्णतेचा विचार आपल्याकडे जास्त करावा लागतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे पातळ लॅपटॉप दहा मिनिटांत स्वतःचा वेग उतरवतो. खालून हवा ओढणारा लॅपटॉप गादीवर ठेवू नका; स्टँड घ्या. दमदार लॅपटॉपचा चार्जर १८० ते २३० वॅटचा असतो, तेव्हा घरच्या इन्व्हर्टरला तो झेपतो का ते वीज जाण्याआधी बघून ठेवा. असे लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण वेगाने चालतही नाहीत, त्यामुळे "बॅटरी किती तास" हा प्रश्न यादीत शेवटी ठेवला तरी चालेल.

पायरी ७: फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जा

सॉलिडवर्क्समध्ये पॅक अँड गो करून तुमची सर्वात जड असेंब्ली सर्व संदर्भांसकट पेनड्राइव्हवर घ्या. ऑटोकॅडमध्ये याचसाठी ईट्रान्समिट आहे. दुकानातल्या लॅपटॉपवर सॉलिडवर्क्स नसतंच, म्हणून त्याच मॉडेलचा लॅपटॉप वापरणारा कुणीतरी गाठा: मित्र, कॅडचा क्लास, शेजारची कंपनी. अर्ध्या तासाची विनंती आहे, बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत.

फाईल आधी पेनड्राइव्हवरून एसएसडीवर कॉपी करा, नाहीतर तुम्ही पेनड्राइव्हचाच वेग मोजाल. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चार वेळा नोंदवा. असेंब्ली पूर्ण उघडायला किती. कंट्रोल-क्यू दाबून सगळं रीबिल्ड व्हायला किती. ड्रॉइंगमध्ये एक सेक्शन व्ह्यू यायला किती. आणि वीस मिनिटं काम केल्यावर पुन्हा कंट्रोल-क्यू. हा चौथा आकडा सर्वात खरा. पहिल्या रीबिल्डपेक्षा तो बराच जास्त आला, तर तो लॅपटॉप गरम होऊन वेग उतरवतोय.

बजेट कमी असेल तर

स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा मोठ्या कंपन्यांतून परत आलेले जुने वर्कस्टेशन लॅपटॉप मला जास्त आवडतात: डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेडबुक, लेनोव्होचे थिंकपॅड पी. अंग मजबूत, रॅमचे स्लॉट मोकळे, कार्ड व्यावसायिक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यातही ते मिळतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, तेव्हा त्याआधीचा प्रोसेसर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

समोर बसून तपासा. बायोस (लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडा, पासवर्ड मागत असेल तर तिथून उठा. कमांड प्रॉम्प्टवरून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमता व आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवून बघा. एसएसडीचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं. चार्जर मूळ वॅटचाच आहे ना? १८० वॅटच्या लॅपटॉपला ६५ वॅटचा चार्जर देऊन विकलेला मी पाहिला आहे. तो चालू होतो, पण रखडत. नमपॅडची प्रत्येक कळ दाबा, बिजागरी हलवून बघा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला.

नवा घेताना बिल जीएसटीचं, आणि तुमची स्वतःची नोंदणीकृत फर्म असेल तर तिच्याच नावाने घ्या. १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती आहे का ते बघा. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी फुकट मिळतात, त्यामुळे क्रॅक केलेली आवृत्ती टाकून देणाऱ्या दुकानदाराची ती "भेट" नाकारा. आणि विद्यार्थी परवान्यावर पैशाचं काम करू नका.

पहिल्या दिवशी

त्या मुलाच्या लॅपटॉपवर शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो, तुम्हीही घरी आणल्या आणल्या तेच करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडा, कॅडची प्रोग्रॅम फाईल निवडा, हाय परफॉर्मन्स करा. सॉलिडवर्क्स ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्स या भागात सॉफ्टवेअर ओपनजीएलची खूण आहे का बघा. असेल तर कार्ड वापरलंच जात नाहीये. ती खूण एकही फाईल उघडलेली नसताना काढावी लागते. व्यावसायिक कार्ड असेल तर ड्रायव्हर सर्वात नवा नाही, तर तुमच्या आवृत्तीसाठी प्रमाणित असलेला टाका. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन सुरू आहे ना याची खात्री करा.

एवढ्याने त्याचं कार्ड जागं झालं आणि मॉडेल फिरवताना बसणारे झटके गेले. रॅमचा रिकामा स्लॉट होता, त्यात पहिल्या पगारातून आणखी एक पट्टी टाकली. नवा लॅपटॉप त्याने अजून घेतलेला नाही. कर्ज फिटू दे, मग बघू म्हणतो.

हे सगळं झाल्यावर पायरी ७ मधले चारही आकडे पुन्हा मोजा आणि चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या खाली चिकटवा. ग्राइंडिंगच्या शेजारी बसत असाल तर सहा महिन्यांनी चौथा आकडा वाढलेला दिसेल. तेव्हा आधी पंखा उघडून धूळ साफ करून घ्या, आणि मग पुन्हा मोजा.